अनोळखी फुलझुडूप: ओळखीपासून कलमापर्यंत

जमिनीलगतच ज्याच्या अनेक फांद्या फुटतात, त्या वर्षानुवर्षे टिकून लाकडासारख्या कठीण होतात आणि ज्याची उंची सहसा तीन-चार मीटरपलीकडे जात नाही, अशा वनस्पतीला झुडूप म्हणतात. जास्वंद, तगर, अनंत, कण्हेर, एक्झोरा, डुरांटा, मुसांडा ही महाराष्ट्रातल्या बागांमधली नेहमीची फुलझुडपे. यांतली काही इथल्या मातीतली आहेत. बाकीची चीन, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून आली आणि इथे रुळली. बागेतले झुडूप बरेचदा नावाशिवायच आलेले असते. जुन्या घराच्या अंगणात ते आधीपासून उभे असते, कोणीतरी फांदी दिलेली असते किंवा रोपवाटिकेतल्या पिशवीवरची चिठ्ठी हरवलेली असते.

असे झुडूप आवडले की त्याची आणखी रोपे करावीशी वाटतात. त्याआधी ते कोणते आहे हे कळणे आवश्यक असते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. काही झुडपांची फांदी खोवली तरी रुजते, काहींना गुटी बांधावी लागते, तर काहींचे बी पेरणेच सोयीचे असते. काहींचा चीक विषारी असतो. काही झुडपे बागेबाहेर गेली की रान व्यापून टाकतात. नुसते बोलीतले नाव कळून भागत नाही. ‘चाफा’ म्हटले की सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि देवळाजवळचा पांढरा चाफा हे सगळे त्यात येतात. प्रत्यक्षात ही चारही झाडे वेगवेगळ्या कुलांतली आहेत. म्हणून ओळखीचे काम आधी कुल, मग प्रजाती, मग जाती आणि शेवटी वाण अशा क्रमाने केले जाते.

फुलाआधी पान आणि फांदी

अनोळखी झुडपासमोर उभे राहिल्यावर नजर पहिल्यांदा फुलाकडे जाते. पण फूल वर्षातले थोडेच दिवस असते आणि बागेतल्या वाणांमध्ये त्याचा मूळ घाट पुष्कळदा बदललेला असतो. पान आणि फांदी बाराही महिने हाताशी असतात, म्हणून तपासणी तिथून सुरू करावी.

पहिली खूण म्हणजे पानांची मांडणी. एका पेरावर समोरासमोर दोन पाने असली तर ती संमुख, एकेक पान आळीपाळीने असले तर एकांतरित, आणि तीन किंवा अधिक पाने एकाच पेराभोवती असली तर मंडलाकार. कण्हेर आणि बिट्टी यांना अनेकजण एकच समजतात. बिट्टीला पिवळी कण्हेर असेही म्हणतात. कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात असतात, बिट्टीची एकांतरित. फूल नसतानाही एवढ्या एका खुणेवर दोघी वेगळ्या करता येतात.

दुसरी खूण चीक. पान देठापाशी तोडल्यावर पांढरा चीक आला तर करवीर कुल किंवा एरंड कुल यांची शक्यता मोठी. तगर, कण्हेर आणि बिट्टी पहिल्यात येतात, पॉइन्सेटिया दुसऱ्यात. ही चाचणी करताना चीक डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नये. कण्हेर आणि बिट्टी यांच्या सर्व भागांत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात.

तिसरी खूण वास आणि ठिपके. कामिनीचे, म्हणजे कुंतीचे, पान उजेडासमोर धरले तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी होत. लिंबू आणि कढीपत्ता यांच्या पानांतही त्या असतात, कारण ही सगळी झाडे एकाच कुलातली आहेत. घाणेरीचे पान चुरगळले तर उग्र वास येतो. फांदीचा आडवा छेद चौकोनी आहे की गोल, हेही बोटांनी चाचपून पाहावे. घाणेरी आणि पारिजातक या दोन्हींच्या कोवळ्या फांद्या चौकोनी असतात आणि दोन्हींची पाने खरखरीत.

चौथी खूण सर्वांत बारीक आणि फार उपयोगाची आहे. पाने संमुख असतील तर दोन देठांच्या मधल्या जागेत, फांदीच्या अंगाला चिकटलेली त्रिकोणी पापुद्र्यासारखी छोटी उपपर्णे आहेत का ते पाहावे. ती असली आणि पानाच्या कडा अखंड असल्या तर झुडूप बहुधा रुबिएसी, म्हणजे कदंब कुलातले असते. कॉफी, कदंब, अनंत, एक्झोरा, हॅमेलिया आणि मुसांडा हे सगळे याच कुलातले. बागेतल्या अनोळखी झुडपांपैकी कितीतरी या एका खुणेवर योग्य कुलात जाऊन बसतात.

फुलात काय पाहावे

रंगावरून ओळख पटवू नये. एकाच जास्वंदीचे लाल, पिवळे, पांढरे, गुलाबी असे अनेक वाण आहेत. ब्रन्फेल्सियाचे फूल तर जांभळे उमलते, फिके होत जाते आणि दोन-तीन दिवसांत पांढरे होते, त्यामुळे एकाच झुडपावर एकाच वेळी तीन रंग दिसतात. रंगापेक्षा फुलाची रचना भरवशाची असते.

पाकळ्या किती आणि त्या सुट्या की तळाशी जुळून नळी झालेली, हे आधी मोजावे. मग पुंकेसर मोजावेत. जास्वंदीत पुंकेसरांच्या तंतूंची एकच नळी होऊन ती फुलाबाहेर डोकावते आणि निदलांच्या खाली हिरव्या छदांचे आणखी एक कडे असते. ही भेंडी कुलाची ठळक ओळख. मोगरा आणि पारिजातक यांच्या फुलांत पुंकेसर दोनच असतात. एक्झोराच्या फुलाला चार पाकळ्या आणि चार पुंकेसर असतात, हॅमेलियाच्या केशरी-लाल नळीला टोकाशी पाच छोटे खंड असतात. एक्झोराची पाने दोन-दोन, तर हॅमेलियाची बहुधा तीन-तीन येतात.

त्यानंतर फुलाचा उभा छेद घ्यावा. ब्लेडने फूल मधोमध चिरले की अंडाशय पाकळ्यांच्या तळाच्या वर आहे की खाली हे स्पष्ट दिसते. कदंब कुलात तो सामान्यतः खाली असतो, करवीर कुलात वर. कळी पाहणेही उपयोगी पडते. तगर आणि कण्हेर यांच्या कळ्यांत पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या असतात.

जे पाकळीसारखे दिसते ते पाकळी असेलच असे नाही. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे छदे. तीन छदांच्या आत तीन बारीक नळीसारखी फुले असतात. पॉइन्सेटियाची लाल ‘फुले’ हीदेखील छदेच.

दुहेरी फुलांच्या बाबतीत मोजणी कामाला येत नाही, कारण त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दुहेरी तगर, दुहेरी अनंत आणि बटमोगरा ही तीन पांढरी, सुवासिक फुले परडीत शेजारी ठेवली तर नवखा माणूस गोंधळतो. तिन्हींची पाने संमुख आणि गर्द हिरवी. इथे फांदीच निर्णय देते. चीक आला तर तगर. चीक नाही, पण दोन देठांच्या मध्ये उपपर्णे आहेत, तर अनंत. दोन्ही नसतील तर मोगरा.

पडताळणी

खुणांवरून तयार झालेला अंदाज तपासून घ्यावा लागतो. मोबाइलवरची ओळख-ॲप त्यासाठी सोयीची आहेत, पण त्यांचे उत्तर छायाचित्राच्या दर्जावर अवलंबून असते. केवळ समोरून काढलेल्या फुलाच्या चित्रावर ती सहज फसतात. संपूर्ण झुडूप, पानाची वरची आणि खालची बाजू, पेराचा जवळून भाग, फूल समोरून आणि बाजूने, फुलाचा छेद आणि असल्यास फळ, एवढी चित्रे असली की ॲपचे आणि जाणकाराचेही काम सोपे होते. ॲपने सुचवलेले नाव घेऊन त्या जातीच्या वर्णनातली पानांची मांडणी, चीक आणि पुंकेसरांची संख्या आपल्या झुडपाशी जुळते का ते पाहावे. एक जरी मूलभूत खूण विसंगत असेल तर ते नाव सोडून द्यावे.

तज्ज्ञाला दाखवायची फांदी फुलासह, वीस-तीस सेंमी. लांब घ्यावी. ती वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वजनाखाली दाबावी आणि कागद रोज बदलावा. पावसाळ्यात हे न केल्यास बुरशी धरते. सोबत ठिकाण, तारीख, झुडपाची उंची, ताज्या फुलाचा रंग आणि वास यांची नोंद असावी, कारण वाळल्यावर रंग आणि वास उरत नाहीत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम येथे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. रानातल्या झुडपांसाठी थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आजही आधाराला घेतला जातो. बागेतली झुडपे मात्र बरीचशी परदेशी किंवा संकरित असल्याने एका प्रदेशाच्या ग्रंथात ती सापडतीलच असे नाही. त्यांच्यासाठी शोभेच्या वनस्पतींची पुस्तके आणि जुन्या उद्यानांतली नामफलक लावलेली झाडे उपयोगी पडतात.

एक उदाहरण: गुलाबी मुसांडा

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गुलाबी किंवा पांढऱ्या गुच्छांनी वाकलेले एक झुडूप शहरांतल्या अनेक सोसायट्यांच्या आवारात दिसते आणि त्याचे नाव पुष्कळांना माहीत नसते. त्याची पाने मोठी, लवदार आणि संमुख असतात. देठांच्या मध्ये उपपर्णे असतात, चीक नसतो. म्हणजे कदंब कुल. गुच्छ जवळून पाहिला तर मऊ, पसरट, पानासारख्या भागांच्या मध्ये पिवळसर, चांदणीच्या आकाराचे छोटे फूल दिसते. तेच खरे फूल. भोवतालचे गुलाबी भाग म्हणजे फुगून मोठे झालेले निदल. या खुणा एकत्र जुळल्या की प्रजाती मुसांडा ठरते.

या प्रजातीतली एक जात सह्याद्रीत राहते आणि मराठीत तिला भूतकेस म्हणतात. पावसाळ्यात घाटांतल्या रस्त्यांच्या कडेला केशरी फुलांच्या घोसात मधूनमधून एकेक पांढरे ‘पान’ चमकताना दिसते, ती हीच. रानातल्या मुसांड्याच्या फुलात पाच निदलांपैकी सामान्यतः एकच मोठे होते, आणि तेही गुच्छातल्या मोजक्याच फुलांत. बागेतल्या वाणात मात्र पाचही मोठे झालेले असतात. हा बदल फिलिपिन्समध्ये मिळाला. लुझॉन बेटावरच्या माकिलिंग पर्वतावर १९१५ साली एक असे झुडूप सापडले, ज्याच्या फुलांचे पाचही निदल पांढरे आणि मोठे होते. पुढे त्याला दोन्या ऑरोरा हे नाव मिळाले. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मान्वेल केझॉन यांच्या पत्नीचे ते नाव होते. आफ्रिकेतल्या लाल निदलाच्या मुसांड्याशी त्याचा संकर करून नंतर गुलाबी आणि लालसर वाण तयार झाले.

दोन्या ऑरोरा आणि तिचे संकर सहसा बी धरत नाहीत. तरीही ते आज आशियाभरच्या बागांत आहेत, कारण एका झुडपापासून कलमे आणि त्या कलमांपासून पुन्हा कलमे होत गेली. ओळख पटल्यावर बी शोधण्यात वेळ घालवायचा नाही हे लगेच कळते.

बी की फांदी

बियांपासून वाढलेल्या रोपात आई-वडील दोघांचे गुण मिसळलेले असतात. म्हणून संकरित किंवा निवडलेल्या वाणाच्या बियांची रोपे मूळ झाडासारखी येतील याची खात्री नसते. फांदीपासून केलेले रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. दुहेरी फुले, विशिष्ट रंग, चितकबरी पाने हे गुण टिकवायचे असतील तर फांदीचाच मार्ग घ्यावा लागतो. याउलट संकासुर, टेकोमा, बिट्टी, पारिजातक आणि कामिनी ही बियांपासून सहज येतात. संकासुराच्या बीचे कवच कठीण असते; ते थोडे घासून रात्रभर पाण्यात भिजवल्यास उगवण चांगली होते. कामिनीचे बी ताजे असतानाच पेरावे.

तोडलेल्या फांदीला मुळे फुटतात त्यामागे वनस्पतींच्या संजीवकांचे काम असते. शेंड्याकडच्या कोवळ्या भागात तयार होणारे ऑक्झिन फांदीच्या तळाकडे सरकते. छाटलेल्या टोकाशी ते साठले की सालीखालच्या पेशी नव्याने विभागू लागतात आणि त्यांतून मुळे फुटतात. नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये ऑक्झिनविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि १९३०च्या दशकात इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, मुळे फोडण्यासाठी वापरात आले. आज कृषिसेवा केंद्रांत मिळणाऱ्या मुळे फुटण्याच्या भुकटीत बहुधा हेच असते. ऑक्झिन शेंड्याकडून तळाकडे जात असल्याने फांदी उलटी खोवली तर ती नीट रुजत नाही. म्हणून तळाचा काप तिरका आणि वरचा आडवा घेण्याची पद्धत आहे. त्यावरून दिशा विसरली जात नाही.

फाटे कलम

जास्वंद, तगर, डुरांटा, हॅमेलिया, कण्हेर, मोगरा आणि बोगनवेल यांच्यासाठी फाटे कलम हा सर्वांत सोपा मार्ग. महाराष्ट्रात जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम, कारण हवेत दमटपणा असतो आणि ऊन सौम्य असते.

फांदी निरोगी, पेन्सिलीएवढी जाड आणि शक्यतो फुले नसलेली निवडावी. फार कोवळी कुजते, फार जून सावकाश रुजते. साल हिरवटपणा सोडून तपकिरी होऊ लागली आहे अशी अर्धपक्व फांदी बहुतेक झुडपांना मानवते. बोगनवेलीला थोडी जूनच लागते. सकाळी फांदी कापून दहा ते पंधरा सेंमी.चे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. तळाचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळे पेरापाशी लवकर फुटतात. खालची पाने काढावीत, वरची दोन-तीन ठेवून मोठी पाने निम्मी कापावीत. तुकड्याला अजून मुळे नसतात, म्हणून पानांतून जाणारे पाणी कमी करावे लागते. चीक येणाऱ्या झुडपांचे काप पाण्यात धरून चीक थांबू द्यावा.

अर्धपक्व फांदीला १००० ते ३००० पीपीएम आयबीए असलेली भुकटी तळाच्या दोन सेंमी.ला लावून जादाची झटकून टाकावी. माध्यम म्हणून धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. शेणखत या टप्प्यावर घालू नये. त्याने कूज वाढते. आधी काडीने भोक पाडून मग फांदी खोवावी, म्हणजे भुकटी पुसली जात नाही. वरून प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घालून कुंडी सावलीत ठेवावी आणि पिशवी रोज थोडा वेळ उघडावी. माध्यम ओलसर असावे, चिंब नसावे. कोकणातल्या संततधार पावसात कुंडी आडोशाला ठेवणे आवश्यक असते.

बहुतेक झुडपे तीन ते सहा आठवड्यांत रुजतात. नवी पालवी दिसली म्हणजे मुळे आलीच असे नाही, कारण फांदीतल्या साठ्यावरही काही पाने फुटतात. उपटून पाहू नये. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळे दिसली किंवा हलक्या हाताने हलवल्यावर फांदीने पकड दाखवली, की ती वेगळ्या कुंडीत हलवावी.

गुटी कलम आणि दाब कलम

मुसांडा, अनंत आणि जास्वंदीचे काही संकरित वाण फांदी खोवून रुजतातच असे नाही. त्यांना गुटी कलम भरवशाचे ठरते. डाळिंब आणि लिंबू यांची रोपे करणाऱ्या शेतकऱ्यांना ही पद्धत परिचित आहे.

साधारण वर्षभराच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर दोन-तीन सेंमी. रुंदीचे सालीचे कडे काढून टाकावे आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीने खरवडावा. हा थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली जाते, पाणी मात्र लाकडातून वर चढते. सालीचे कडे काढल्याने फांदी सुकत नाही, पण अन्न आणि ऑक्झिन कापाच्या वरच्या कडेशी अडतात आणि तिथेच मुळे फुटतात. म्हणून भुकटी वरच्या कडेलाच लावावी. भिजवून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस मूठभर घेऊन कापाभोवती दाबावे आणि पारदर्शक प्लॅस्टिकने गुंडाळून दोन्ही टोके घट्ट बांधावीत.

साधारण दीड ते दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती तपकिरी झाली की गुटीच्या खाली फांदीला आधी अर्धा आणि आठवड्याने पुरता काप द्यावा. वेगळी केलेली फांदी लावताना निम्मी पाने काढून ती काही आठवडे सावलीत ठेवावी. मोगऱ्यासारख्या लवचीक फांद्यांना याहून सोपी दाब कलमाची रीत आहे. जमिनीजवळची फांदी वाकवून, एका पेराची साल किंचित छेडून मातीत दाबावी, वर दगड ठेवावा आणि मुळे धरल्यावर तोडून घ्यावी.

काय वाढवू नये

ओळख पटल्यावर काही वेळा रोपे न करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात शोभेसाठी भारतात आली. तिची फळे खाऊन पक्ष्यांनी बी सर्वत्र नेले आणि आज देशातली मोठी जंगलक्षेत्रे तिने व्यापली आहेत. गावाबाहेर, डोंगराजवळ बाग असेल तर पक्ष्यांमार्फत पसरणारी परदेशी झुडपे टाळावीत. लहान मुले किंवा जनावरे वावरतात तिथे कण्हेर, बिट्टी आणि विषारी फळे धरणारा डुरांटा लावू नये. रानातले भूतकेस हवे असेल तर झुडूप मुळासकट उपटू नये. संरक्षित क्षेत्रातून तर काहीच घेऊ नये. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली नोंदवलेल्या वाणाची रोपे विक्रीसाठी करायची असतील तर हक्कदाराची परवानगी लागते.

नोंद

प्रत्येक नव्या रोपाला न पुसणारी पट्टी लावून तिच्यावर शास्त्रीय नाव, माहीत असल्यास वाणाचे नाव, मूळ झुडपाची जागा, पद्धत आणि तारीख लिहावी. ओळखीबद्दल शंका असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. पहिले फूल आल्यावर ते मूळ झुडपाच्या फुलाशी आणि छायाचित्रांशी ताडून पाहावे. फांदीपासून केलेल्या रोपाचे फूल जुळायलाच हवे. बियांपासून केलेले वेगळे निघाले तर त्याची नोंद स्वतंत्र करावी. रोप दुसऱ्याला देताना पट्टीही सोबत द्यावी, म्हणजे ज्याच्या अंगणात ते जाईल त्याला ओळखीचे सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही.